नाथांची भूमिका आणि गंधर्वांची कीर्ती

प्रभात फिल्म कंपनीने १९३५ मध्ये पैठणच्या एकनाथांच्या चरित्रावर बोलपट काढला. त्याचे ‘महात्मा’ हे मूळ नाव गांधीजींकडे निर्देश करते या आक्षेपामुळे सेन्सॉरने बदलावयास लावले व तो ‘धर्मात्मा’ या नावाने प्रदर्शित झाला. दिग्दर्शक व्ही. शांताराम होते, संगीत मास्तर कृष्णरावांचे होते आणि नाथांच्या भूमिकेत होते नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व. संगीत रंगभूमीवरील या सर्वांत कीर्तिमान गायकनटाच्या चरित्रात हा प्रसंग सामान्यतः ओझरता उल्लेखिला जातो. परंतु गायकाची कीर्ती नेमकी कशाची बनलेली असते, या प्रश्नाच्या दृष्टीने तो कळीचा आहे.

राजहंसांचा जन्म २६ जून १८८८ चा. ‘बालगंधर्व’ ही पदवी त्यांना लोकमान्य टिळकांनी दिली, असे परंपरा सांगते. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले. गायनाची खरी तालीम भास्करबुवा बखले यांच्याकडे झाली. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. तरीही भामिनीची भूमिका करण्यास ते उभे राहिले. या घटनेला पुढे दंतकथेचे तेज आले, आणि प्रेक्षकांसाठी नटाने आपले दुःख गिळावे ही अपेक्षाही तिच्यातूनच दृढ झाली, असे म्हणता येईल.

१९१३ मध्ये गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधील सिंधू यांनी त्यांची कीर्ती घरोघरी नेली. त्यांचे लुगडे नेसणे, केसांत गजरा माळणे यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या. पुरुषाने रंगवलेली स्त्री स्त्रियांनाच आदर्श वाटावी, हा सामाजिक इतिहासातील विलक्षण योग होय. युरोपीय ऑपेरात अठराव्या शतकात फारिनेल्लीसारख्या गायकांना असेच वेड लावणारे यश लाभले होते, आणि अशा गायकाच्या मोहाची शोकांतिका बाल्झाकने ‘सारासिन’ या कथेत रंगवली. तेथे मात्र आवाजासाठी मुलांच्या देहावर शस्त्र चालवले जाई. बालगंधर्वांचा आवाज निसर्गदत्त होता.

साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा व सारंगीवर कादरबक्ष. पैठणी, शालू, अत्तरे सारे अस्सल हवे, असा आग्रह. या वैभवाची किंमत कर्जाच्या रूपाने फेडावी लागली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांसमवेत झालेला ‘संयुक्त मानापमान’ हा या कीर्तीचा कळस; परंतु त्याच सुमारास मंडळीची आर्थिक स्थिती डळमळीत होती. पुढे बोलपट आले आणि नाटक मंडळ्यांचा पायाच खचू लागला.

अशा वेळी सत्तेचाळीस वर्षांचे गंधर्व नाथ झाले. अस्पृश्य मानलेल्या कुटुंबात जेवावयास जाणाऱ्या संताची ही कथा त्या काळात नुसती पुराणकथा नव्हती. तरीही प्रेक्षकांचा प्रतिसाद अपेक्षेइतका लाभला नाही, आणि प्रभातशी त्यांचा सहयोग याच एका चित्रपटावर थांबला. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाला संत शोभला नाही, हे नेहमीचे स्पष्टीकरण टिकत नाही. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला. त्यातील विष्णुपंत पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिकाच करीत असत. पण लोकांनी त्यांना तुकारामच मानले. फरक होता तो पूर्वकीर्तीच्या वजनाचा. पागनीसांना विसरणे सोपे होते. नाथांच्या वेषातही प्रेक्षक रुक्मिणीला आणि सिंधूला शोधीत राहिले असावेत. शिवाय तुकड्यातुकड्यांनी होणारे चित्रीकरण, आणि समोर दाद देणारा प्रेक्षक नाही. ‘वन्स मोअर’वर पोसलेल्या गायकाला हे मानवणारे नव्हते.

१९३७ च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले. पुढे गोहर कर्नाटकी यांची साथ, त्यावरून उठलेले वादंग, अधू झालेले पाय आणि विपन्नावस्था, हा उत्तरार्ध सर्वपरिचित आहे. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९५५ मध्ये व पद्मभूषण १९६४ मध्ये मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते झाले होते, ते २६ जून १९६८ रोजी पुण्यात खुले झाले. तेथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रे लावण्यात आली: एक पुरुषवेषातील, दुसरे स्त्रीवेषातील.