लुई ब्लेरिओ आणि सदतीस मिनिटे

फ्रान्समधील कॅले आणि इंग्लंडमधील डोव्हर ही दोन बंदरे समोरासमोर वसलेली आहेत. हवा स्वच्छ असली म्हणजे कॅलेहून पलीकडच्या तीरावरील पांढरे कडे दिसू लागतात. तथापि शतकानुशतके हे जवळचे अंतर लाटांच्या नि वाऱ्याच्या लहरीवर अवलंबून होते. ते विमानाने प्रथम ओलांडणारा पुरुष म्हणजे लुई ब्लेरिओ. त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

ब्लेरिओचा जन्म १ जुलै १८७२ रोजी फ्रान्समधील कांब्रे या गावी झाला. पॅरिसमध्ये अभियंत्याचे शिक्षण घेऊन त्याने मोटारगाड्यांसाठी ॲसिटिलीन वायूचे दिवे बनविण्याचा कारखाना काढला. धंद्यात बरकत आली, १९०१ साली अलीस नावाच्या युवतीशी विवाह झाला. सुखाने कालक्रमणा करण्यास काहीच कमी नव्हते. पण त्याला ध्यास लागला होता तो आकाशाचा.

त्याने एकामागून एक विमाने बांधली. काही जमिनीवरून उठलीच नाहीत, तर काही उठली आणि कोसळली. दिव्यांच्या धंद्यात मिळालेले द्रव्य पाण्यासारखे खर्च झाले. संसार आणि ध्येय यांच्या या ओढाताणीत त्याने धीर सोडला नाही.

अशा वेळी लंडनच्या 'डेली मेल' या वृत्तपत्राने खाडी उडून पार करणारास १००० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. १९ जुलै १९०९ रोजी ह्यूबर्ट लॅथम या वैमानिकाने प्रयत्न केला, परंतु यंत्र बंद पडून तो समुद्रात उतरला. ब्लेरिओची स्थितीही बिकटच होती. थोड्याच दिवसांपूर्वी त्याचा पाय भाजला होता व तो कुबड्यांच्या आधाराने चालत होता.

२५ जुलैची पहाट उजाडली. सूर्योदयानंतरच उड्डाण करावे असा स्पर्धेचा नियम होता. सूर्य उगवताच त्याचे 'ब्लेरिओ ११' हे चिमुकले विमान निघाले. यंत्र अवघे २५ अश्वशक्तीचे. जवळ होकायंत्रही नाही! सोबतीस निघालेल्या युद्धनौकेवर त्याची पत्नी होती, पण ती नौका लवकरच मागे पडली. मग सुमारे दहा मिनिटे त्याला ना जहाज दिसले, ना किनारा. अखेर डोव्हरचे कडे दृष्टीस पडले. किल्ल्याजवळच्या कुरणात विमान आदळत उतरले, त्याची मोडतोड झाली. ब्लेरिओ मात्र सुखरूप होता. सुमारे ३७ किलोमीटरांच्या या प्रवासास सुमारे ३७ मिनिटे लागली होती.

त्या मिनिटांनी इतिहास पालटला. समुद्राचा तट आता अभेद्य राहिला नाही, हे इंग्लंडला कळून चुकले. ब्लेरिओकडे विमानांच्या मागण्यांची रीघ लागली. दहा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन-पॅरिस अशी दैनंदिन प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्या प्रवासास सुमारे अडीच तास लागत. आज त्याच दोन शहरांमधील सुमारे ३४० किलोमीटरांचे अंतर विमान सव्वा तासात कापते. १ ऑगस्ट १९३६ रोजी ब्लेरिओ पॅरिसमध्ये निवर्तला. त्याचे ते विमान तेथील संग्रहालयात आजही जपलेले आहे.

विद्यार्थीमित्रहो, वेळापत्रकात आपण प्रवासाची मिनिटे सहज वाचून जातो. परंतु ब्लेरिओच्या सदतीस मिनिटांमागे अपयशाची कित्येक वर्षे उभी होती. त्या वर्षांचा हिशेब कोणत्याही वेळापत्रकात सापडत नाही. तो आपणच स्मरणात ठेवावयाचा असतो, असे आम्हांस वाटते.