विश्लेषण : तेल सापडण्याआधीच दुबईचा पाया कसा रचला गेला? कोण होते शेख रशीद?

दुबई तेलामुळे मोठी झाली, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तिथे तेल सापडले १९६६ मध्ये. त्याआधीच शेख रशीद बिन सईद अल मकतूम यांनी शहरासाठी मोठी जोखीम पत्करली होती.

मोत्यांचा धंदा का बसला?

रशीद यांचा जन्म १९१२ चा. तेव्हा दुबई मोत्यांवर जगत होती आणि आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. १९३० च्या दशकात जागतिक मंदी आणि जपानच्या संवर्धित मोत्यांमुळे हा धंदा कोसळला. एकाच मालावर विसंबल्याचे परिणाम रशीद यांनी तरुणपणीच पाहिले.

खाडीसाठी कर्ज कशाला?

१९५८ मध्ये ते शासक झाले. गाळामुळे दुबईच्या खाडीत मोठी गलबते येईनात. कुवेतकडून कर्ज काढून त्यांनी खाडी खोल केली. शेजारच्या शारजाची खाडी मात्र गाळाने भरत गेली आणि तिथला व्यापार दुबईकडे वळला.

तेलाचा पैसा कुठे गेला?

१९६९ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली. पण अबुधाबीच्या तुलनेत दुबईचा साठा अगदी थोडा. त्यामुळे हा पैसा बंदरांत गुंतवला गेला. १९७२ मध्ये रशीद बंदर, १९७९ मध्ये जेबेल अली बंदर आणि १९८५ मध्ये तिथेच मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले.

दुसरी बाजू काय?

हे सारे बांधणारे बहुतेक मजूर भारत, पाकिस्तानसारख्या देशांतून आलेले. नोकरी संपली की त्यांना परतावे लागे. रशीद यांचे १९९० मध्ये निधन झाले. बहुसंख्य स्थलांतरित कामगारांना तिथले नागरिकत्व आजही मिळत नाही.