कोमोडो ड्रॅगनसाठी लंडनमध्ये ऊन तयार करणाऱ्या जोन प्रॉक्टर कोण होत्या?

चिखलीच्या शिवारात सकाळी बांधावर घोरपड दिसली, तर ती बहुतेक वेळा ऊन खात पडलेली असते. ऊन चढलं की तीच बिळात किंवा झुडपाखाली शिरते. तिचं शरीर आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. पळण्यापासून खाल्लेलं पचवण्यापर्यंत सगळं बाहेरच्या उष्णतेवर चालतं. त्यामुळे तिला गरम जागा लागते आणि जवळच गार जागाही लागते. बुलढाणा जिल्ह्यात हे काम सूर्यच करतो. लंडनच्या थंडीत ते कसं करायचं, हा प्रश्न सुमारे शंभर वर्षांपूर्वी जोन प्रॉक्टर यांच्यापुढे होता.

जोन यांचा जन्म १८९७ मध्ये लंडनला झाला. आतड्यांचा आजार लहान वयातच मागे लागला, तो शेवटपर्यंत सुटला नाही. वेड मात्र सरडे आणि सापांचं. एकदा तर त्या पाळलेली छोटी मगर घेऊन गणिताच्या तासाला गेल्या होत्या! तब्येतीमुळे केंब्रिजचं शिक्षण हुकलं. पण ब्रिटिश म्युझियममधले सरीसृपतज्ज्ञ जॉर्ज बुलेंजर यांनी त्यांना हाताखाली घेतलं आणि १९२३ मध्ये लंडन झूचा सरीसृप विभाग त्यांच्याकडे आला.

त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे १९२७ मध्ये खुलं झालेलं रेप्टाइल हाउस. वास्तुविशारद गाय डॉबर यांच्यासोबत त्यांनी ते आखलं. अख्खी इमारत सारखीच तापवायची नाही, हा त्यामागचा विचार. विजेवर चालणारी उष्णता अशी विभागली की वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं तापमान राहील. साधी काच उन्हातले हाडांसाठी गरजेचे अतिनील किरण अडवते, म्हणून ते आत सोडणारी खास काच बसवली. प्रेक्षक अंधारात आणि उजेड पिंजऱ्यात, ही मांडणीही त्यांचीच.

त्याच सुमारास दोन कोमोडो ड्रॅगन लंडनला आले. कोमोडो म्हणजे घोरपडीच्याच कुळातला सर्वात मोठा प्राणी, माणसालाही इजा करू शकणारा. त्यातला 'सुंबावा' जोन यांच्या हातून खायचा. १९२८ मध्ये त्यांनी कोमोडोला थेट शास्त्रज्ञांच्या बैठकीत आणलं. तब्येत ढासळल्यावर त्या व्हीलचेअरवरून झूमध्ये फिरायच्या, तेव्हाही सुंबावा सोबत असायचा.

परदेशात परवान्यानं मोठ्या पाली पाळणारे आजही हेच सूत्र धरतात. पिंजऱ्याच्या एका टोकाला वरून तापवणारा दिवा आणि दुसरं टोक गार. दिव्याला जाळी, कारण प्राणी चढून भाजून घेतो. शिवाय अतिनील दिवा, थर्मोस्टॅट आणि दोन्ही टोकांना तापमापक. फक्त खालून तापणारा दगड ठेवला तर पोट भाजायचा धोका असतो.

आपल्याकडे मात्र हा प्रयोग नको. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला पकडणं किंवा घरी ठेवणं गुन्हा आहे.

१९३१ मध्ये शिकागो विद्यापीठानं जोन यांना मानद डॉक्टरेट दिली. विद्यापीठात न शिकलेल्या जोन आता डॉक्टर झाल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ३४.