कुलपे घडवणाऱ्याचा मुलगा : जॉर्ज सायमन ओहम

आमच्या विद्यालयाच्या सभागृहातील स्पीकरची मागची बाजू पुसली की एक खूण दिसते. 8 हा आकडा आणि त्यापुढे ग्रीक ओमेगा हे अक्षर. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत अँप्लिफायर घ्यायला गेलेल्या प्रत्येकाला दुकानदाराने या आकड्याविषयी विचारलेले असते. बाजारात त्याचा उच्चार ओम असा होतो, त्यामुळे काहींना तो मंत्रातला शब्दही वाटतो. प्रत्यक्षात ते एका शाळामास्तराचे आडनाव आहे.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. विद्युतशास्त्र आमचा प्रांत नव्हे. या मास्तराकडे आम्हांला वळवले ते आमच्याच एका चुकीने. काही वर्षांपूर्वी एका पालकांनी आपल्या घरचा स्टिरिओ विद्यालयाला दिला. 8 ओहमपेक्षा कमीचा भार जोडू नये, असे त्याच्या अँप्लिफायरवर स्पष्ट छापलेले होते. जयंतीच्या कार्यक्रमात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून आम्ही आणखी दोन स्पीकर मिळवले आणि डाव्या-उजव्या बाजूच्या जुन्या स्पीकरच्याच टोकांना एकेक जोडून दिला. चारही स्पीकर 8 ओहमचे, तेव्हा काळजीचे कारण नाही, अशी आमची समजूत. पहिले गीत संपण्यापूर्वीच अँप्लिफायर तापून बंद पडला. मुले हिरमुसली. उरलेला कार्यक्रम आम्ही मोठ्या आवाजात बोलून पार पाडला.

ओहम यांचा जन्म 16 मार्च 1789 रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे घडवणारे कारागीर, आई शिंप्याची मुलगी. सात भावंडांपैकी तिघेच जगली, आणि जॉर्ज दहा वर्षांचा असताना आईही गेली. वडिलांना शाळेचे रीतसर शिक्षण मिळाले नव्हते. त्यांनी स्वतःच्या बळावर गणित आणि विज्ञान आत्मसात केले होते आणि मुलांना ते घरीच शिकवले. धाकटा मार्टिन पुढे नामवंत गणिती झाला. आमच्या वाचकांपैकी अनेकांनी, आपण न शिकता मुलांना शिकवणारे आईबाप घरातच पाहिले आहेत. त्यांना या बापाची ओळख वेगळी करून देण्याची गरज नाही.

विद्यापीठात गेल्यावर मात्र तरुण ओहम नाचात, बिलियर्ड्‌समध्ये आणि बर्फावरच्या घसरखेळात रमले. बाप संतापला. तीन सत्रांतच विद्यापीठ सुटले आणि 1806 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवू लागले. पुढे परतून 1811 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली, पण विद्यापीठात पोटापुरतीही प्राप्ती होईना. बाम्बेर्गची शाळा 1816 मध्ये बंद पडली. अखेर 1817 साली कोलोन येथील शाळेत गणित व भौतिकीचे शिक्षक म्हणून ते स्थिरावले. त्या शाळेची प्रयोगशाळा सुसज्ज होती, आणि वडिलांच्या कार्यशाळेत धातूकामाला सरावलेला हात त्यांच्यापाशी होता.

तारेतून विजेचा प्रवाह किती वाहतो आणि तारेची लांबी वाढली की तो किती घटतो, हा त्यांचा प्रश्न होता. 1825 मध्ये त्यांनी एक सूत्र प्रसिद्ध केले. ते चुकीचे होते. त्या काळच्या व्होल्टा घटाची शक्ती तार जोडताच ढासळू लागे, आणि डळमळत्या उगमावर केलेली मोजमापे फसवी ठरत. पोगेनडॉर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्यांनी तो घट बाजूला ठेवला. बिस्मथ आणि तांबे यांचे सांधे घेऊन एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. तापमानातील फरक स्थिर, म्हणून विजेचा जोरही स्थिर. मग तांब्याच्या आठ वेगवेगळ्या लांबीच्या तारा एकामागून एक जोडून प्रवाह मोजला. छापून गेलेली आपली चूक वर्षभरात स्वतःच मोडून काढणे किती अवघड असते, हे शिक्षकी पेशातल्यांना विचारावे.

1826 साली हाती आलेल्या सूत्रात खरा अर्थ भाजकात आहे. तिथे दोन संख्यांची बेरीज आहे : एक बाहेरच्या तारेची आणि दुसरी खुद्द उगमाकडच्या भागाची. म्हणजे देणारा किती देईल हे एकट्या देणाऱ्यावर ठरत नाही. पुढे काय जोडले आहे आणि देणाऱ्याच्या अंगात स्वतःचा किती रोध आहे, हे एकत्रच मोजावे लागते. शालेय पुस्तकात या नियमाची एक ओळ होते आणि नेमके हेच निसटते.

आमचा अँप्लिफायर इथेच फसला होता. 8 ओहमचे दोन स्पीकर एकाच टोकांना समांतर जोडले की विजेला दोन वाटा मिळतात आणि एकूण रोध 4 ओहमवर येतो. तेवढ्याच व्होल्टला प्रवाह दुप्पट मागितला जातो आणि उष्णता आतल्या ट्रान्झिस्टरांच्या वाट्याला येते. तेच दोन स्पीकर एकामागे एक जोडले असते तर 16 ओहम झाले असते. आवाज कमी भरला असता, पण यंत्र वाचले असते. दोन्हीकडचा आकडा तंतोतंत सारखाच हवा, हा समज जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांपासून आला आहे. त्यांच्या मागे 4, 8 आणि 16 ओहमची वेगवेगळी टोके असत. आजच्या यंत्राला छापलेल्या किमान आकड्याच्या खाली न जाणे पुरते.

ओहम यांनी अर्ध्या पगाराची रजा काढून बर्लिन गाठले आणि 1827 मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यापीठात जागा मिळेल, ही आशा होती. विद्वानांनी गणिताने भरलेले ते पुस्तक थंडपणे बाजूला सारले. 1828 मध्ये त्यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला आणि बर्लिनमध्ये शिकवण्या-शाळांवर गुजराण केली. न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत प्राध्यापकपद मिळायला 1833 उजाडले. सन्मान परदेशातून आला : 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले. हाच नियम त्यांच्याआधी हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज धनिकाला उमगला होता. विजेचे झटके स्वतःच्या अंगावर घेऊन त्याने तो ताडला, पण छापला नाही, आणि ते कागद 1879 मध्ये मॅक्सवेलने प्रसिद्ध केले. कपाटात पडून राहिलेले ज्ञान कुणाच्या उपयोगी पडले? आमच्या मते श्रेय मास्तरांचेच.

स्पीकरवर या माणसाचे नाव शोभते, याला आणखी एक कारण आहे. 1843 मध्ये त्यांनी ध्वनीविषयी मांडले की कान कोणताही मिश्र आवाज साध्या स्वरांत वेगळा करून ऐकतो. झेबेक यांनी त्यावर कडाडून हल्ला चढवला. पुढे हेल्महोल्ट्झ यांनी ओहमची बाजू उचलून धरली. स्पीकरचा रोधही स्वरागणिक बदलतो. खर्जात एका ठिकाणी तो अनेक पटींनी चढतो, म्हणूनच त्याला इंपीडन्स हा वेगळा शब्द आहे आणि 8 हा नाममात्र आकडा. मल्टीमीटर लावला तर तोच स्पीकर सहा-सातच्या आसपास दाखवतो. मुलांनी तो सदोष समजून परत करू नये.

म्युनिक विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापकपद, ज्याची तरुणपणापासून आस होती, ते ओहम यांना 1852 मध्ये मिळाले. वय त्रेसष्ट. दोनच वर्षांनी, 6 जुलै 1854 रोजी, त्यांचे निधन झाले. 1881 च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव स्वीकारले गेले. आमचा अँप्लिफायर दुरुस्त होऊन आला आहे. मागच्या रांगेचे दोन स्पीकर आता पुढच्यांशी एकामागे एक जोडले आहेत, आणि ती जोडणी आमच्या देखरेखीखाली दहावीच्या मुलींनी केली.