फोटोग्राफर राजा दीनदयाळ

राजा दीनदयाळ हे फार मोठे फोटोग्राफर होऊन गेले. त्यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळ सरधना या गावी झाला. रूडकीच्या कॉलेजात शिकून ते इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या नोकरीला लागले. तिथेच त्यांना फोटोचा नाद लागला. पुढे त्यांनी नोकरीच सोडली.

तेव्हाचा कॅमेरा मोठ्या पेटीएवढा असे. फोटो काचेवर उतरायचा. बसणाऱ्याने अजिबात हलायचं नाही, हलला की फोटो बिघडला! लहान पोरांचे फोटो कसे काढत असतील कोण जाणे.

हैदराबादच्या निजामाने त्यांना राजा हा किताब दिला. म्हणजे ते गादीवरचे राजे नव्हते.

मला त्यांची एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. त्या काळी मोठ्या घरच्या बायका पडद्यात राहत. परक्या पुरुषासमोर येत नसत. मग घरच्यांचा फोटो काढला तर त्यात बाप आणि मुलगे दिसणार, आई नाहीच! म्हणून दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादला बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढायला केनी-लेविक नावाची इंग्रज बाई ठेवली. मग तिथे बायकांना फोटो काढून घेता येऊ लागले. माझ्या आजीच्या लग्नाचा एकपण फोटो नाही. मी हे वाचून दाखवलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, खरंच बाई फोटो काढायची का.

१८९६ साली त्यांनी मुंबईतही स्टुडिओ काढला. १९०५ साली ते वारले. २००६ साली त्यांचं टपाल तिकीट निघालं.