डेनिस रिची : फाइल उघडणं सोपं करणारा माणूस

मीरा रोड किंवा भाईंदरहून लोकलने कॉलेज गाठणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी ‘सी’च्या प्रॅक्टिकलमध्ये ओपन, रीड, राइट आणि क्लोज हे सिस्टिम कॉल लिहितात. सिस्टिम कॉल म्हणजे प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी. ती इतकी सोपी करणाऱ्यांमधलं एक मोठं नाव म्हणजे डेनिस रिची.

रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिल इथे झाला. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकलेले रिची १९६७ मध्ये बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. त्यांचे वडीलही तिथेच काम करत. १९६९ मध्ये बेल लॅब्जने ‘मल्टिक्स’ या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून अंग काढून घेतलं. त्याच वर्षी केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या छोट्या संगणकावर युनिक्सची सुरुवात केली. रिची त्यांच्या सोबत होते.

त्या काळच्या अनेक सिस्टिममध्ये टेप, डिस्क आणि प्रिंटर यांच्यासाठी वेगवेगळी पद्धत वापरावी लागे. युनिक्समध्ये फाइल म्हणजे नुसती बाइट्सची रांग. उपकरणांनाही फाइलचंच रूप द्यायचं, ही कल्पना रिचींची.

आजही तेच चालतं. ओपन आपल्याला एक लहान क्रमांक देतो, त्याला फाइल डिस्क्रिप्टर म्हणतात. ० म्हणजे कीबोर्ड, १ म्हणजे स्क्रीन, २ म्हणजे त्रुटींचे संदेश. म्हणून आपण उघडलेल्या पहिल्या फाइलला बहुधा ३ मिळतो. रीड किती बाइट्स वाचल्या ते सांगतो. फाइल संपली की ० आणि चूक झाली की -१ मिळतं. डिस्क भरली तर राइट अर्ध्यावर थांबू शकतो. मिळालेला आकडा तपासलाच नाही, तर डेटा गेल्याचं कळतही नाही.

रिचींनी १९७२ च्या सुमारास ‘सी’ घडवली. १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा याच भाषेत पुन्हा लिहिला गेला, त्यामुळे तो पुढे दुसऱ्या संगणकांवर नेता आला. १९७८ मध्ये ब्रायन कर्निघन यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं ‘सी’चं पुस्तक आलं. १९८३ मध्ये थॉम्पसन आणि रिची यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

ऑक्टोबर २०११ मध्ये न्यू जर्सीतल्या राहत्या घरी रिचींचं निधन झालं. त्याच महिन्यात स्टीव्ह जॉब्स गेले होते, त्या बातमीपुढे ही बातमी झाकोळली. पण आयफोनची ऑपरेटिंग सिस्टिमही युनिक्सच्याच घराण्यातली. लोकलमध्ये फोनवर फोटो उघडला, तरी आत कुठेतरी ओपन आणि रीड चालूच असतात.