मातीची पाने उलगडणारा सेनानी : सर मॉर्टिमर व्हीलर

(द्वितीय वर्ष बी. ए., इतिहास)

बाहेरून आलेल्या आर्यांनी सिंधू नदीच्या काठची नगरे उद्ध्वस्त केली, हे विधान आपल्याकडे कित्येक वर्षे शाळेच्या पुस्तकांतून शिकवले गेले. वडीलधाऱ्यांच्या तोंडून आणि सभासंमेलनांतून ते आपण ऐकलेले असते. परंतु हे विधान कोणी मांडले, कोणत्या पुराव्यावर मांडले आणि पुढे त्याचे काय झाले, हे विचारण्याच्या फंदात आपण सहसा पडत नाही. त्या विधानाला शास्त्राचा शिक्का मिळाला तो मुख्यतः एका माणसामुळे. तो माणूस म्हणजे सर मॉर्टिमर व्हीलर. भारतीय पुरातत्त्वाला शिस्त लावणारे व्हीलर आणि मोहेंजोदडोतील हत्याकांडाची कथा सांगणारे व्हीलर एकच. म्हणूनच त्यांचे चरित्र इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार काही शिकवून जाते.

रॉबर्ट एरिक मॉर्टिमर व्हीलर यांचा जन्म १० सप्टेंबर १८९० रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. वडील पत्रकार होते. पुढे कुटुंब लंडनला आले आणि व्हीलर यांनी तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ग्रीक-लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास करून १९१२ साली एम. ए. ची पदवी मिळवली. पुरातत्त्व हा त्या काळी पोट भरण्याचा व्यवसाय नव्हता. पैसेवाल्यांची ती हौस होती. तरीही व्हीलर यांनी तीच वाट धरली. १९१४ मध्ये टेसा व्हर्नी हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले.

तोफखान्यातील अधिकारी म्हणून व्हीलर लढले. शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. १९१३ साली रॉक्सिटर येथील उत्खननावर त्यांच्यासह पाच तरुण विद्यार्थी काम करीत होते. युद्ध संपले तेव्हा त्या पाचांपैकी एकटे व्हीलर जिवंत उरले होते. एक अख्खी पिढी डोळ्यांदेखत नाहीशी झालेली पाहणाऱ्या माणसाला जमिनीखालच्या हाडांतही रणांगण दिसावे, यात नवल ते काय! त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

युद्धानंतर वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आणि १९२६ पासून लंडन म्युझियममध्ये त्यांनी काम केले. याच काळात पती-पत्नींनी मिळून उत्खननाची नवी पद्धत घडवली. तोपर्यंत पुष्कळ ठिकाणी मजूर लावून भराभर माती उपसायची आणि मूर्ती, नाणी, दागिने सापडले की बाजूला काढायचे, असा प्रकार चाले. व्हीलर यांनी जमिनीचे सारखे चौकोन आखले. दोन चौकोनांच्या मध्ये, शेताला बांध असावा तसा मातीचा बांध तसाच उभा ठेवला. चौकोन खोल गेला की या बांधाच्या उभ्या कापावर मातीचे थर पुस्तकाच्या पानांसारखे दिसू लागतात. राखेचा थर, पडलेल्या भिंतीचा थर, पुराच्या गाळाचा थर. प्रत्येक थराला क्रमांक द्यायचा आणि मिळालेल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या थराची नोंद करायची. वस्तू कितीही सुंदर असो, ती कोणत्या थरातली हे ठाऊक नसेल, तर इतिहासाच्या दृष्टीने तिचे निम्मे मोल गेले, अशी त्यांची शिकवण होती.

१९३४ ते १९३७ या काळात त्यांनी डॉर्सेट परगण्यातील मेडन कॅसल हा प्राचीन टेकडी-किल्ला खणला. वर्तमानपत्रांना त्यांनी आवर्जून बोलावले आणि सामान्य लोकांसाठी उत्खनन खुले ठेवले. किल्ल्याच्या दरवाजाजवळ बरेच सांगाडे मिळाले. एकाच्या तर मणक्यात लोखंडी बाणाचे टोक रुतलेले होते. व्हीलर यांनी निष्कर्ष काढला, की इ. स. ४३ च्या सुमारास रोमन सैन्याने येथे कत्तल केली आणि उरलेल्यांनी घाईघाईने मृतांना पुरले. कथा चित्तथरारक होती आणि ती लोकांच्या मनात घर करून राहिली.

या कामाच्या ऐन भरात, १९३६ साली, टेसा यांचे निधन झाले. व्हीलर तेव्हा मध्यपूर्वेच्या प्रवासावर होते. परतीच्या वाटेवर पॅरिसमध्ये वर्तमानपत्र वाचताना त्यांना पत्नीच्या मृत्यूची बातमी कळली! लंडन विद्यापीठात पुरातत्त्वाची स्वतंत्र संस्था उभी राहावी यासाठी दोघांनी जिवाचे रान केले होते. १९३७ साली त्या संस्थेचे रीतसर उद्‌घाटन झाले तेव्हा टेसा ते पाहण्यास हयात नव्हत्या. व्हीलर पद्धत या नावामागे दोन माणसांचे श्रम आहेत, हे विसरता कामा नये.

मेडन कॅसलच्या खड्ड्यांत एक भारतीय तरुणही काम शिकत होता. त्याचे नाव हसमुख धीरजलाल सांकलिया. त्यांनी १९३६ साली लंडनची पीएच. डी. मिळवली आणि १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. पुढे जोर्वे, नेवासे, इनामगाव या नावांमुळे महाराष्ट्राचा इतिहास लेण्यांच्याही मागे हजार वर्षे नेणारी जी परंपरा निर्माण झाली, तिची एक मुळी अशी मेडन कॅसलपर्यंत पोहोचते.

दुसऱ्या महायुद्धात व्हीलर पुन्हा सैन्यात गेले. उत्तर आफ्रिकेत लढले, ब्रिगेडियर झाले, इटलीतील सालेर्नोच्या किनाऱ्यावर उतरले. तेथून त्यांना बोलावणे आले ते भारताचे व्हाइसरॉय वेव्हेल यांचे. १९४४ साली ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. चौपन्नाव्या वर्षात असलेल्या या ब्रिगेडियरने खात्यात शिरताच लष्करी खाक्या दाखवला. कित्येक जुन्या अधिकाऱ्यांना त्यांचा धाक वाटे, आणि त्यांच्या फटकळपणाने माणसे दुखावलीही. पण त्याच वर्षी तक्षशिला येथे त्यांनी भारतीय विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षण-उत्खनन सुरू केले. स्वतंत्र भारताच्या पुरातत्त्वाची धुरा पुढे वाहणारे अनेक जण या शाळेत तयार झाले.

मद्रासच्या संग्रहालयात त्यांना एका भूमध्यसागरी मद्यकुंभाचा तुकडा दिसला. तो पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूचा होता. १९४५ मध्ये त्यांनी तेथे खणले आणि इटलीत बनलेली, ठाऊक असलेल्या काळातली भांडी शोधून काढली. त्या भांड्यांच्या थरातच स्थानिक खापरेही होती. रोमन भांड्याचा काळ माहीत, म्हणून शेजारच्या खापराचाही काळ कळला आणि त्या खापराच्या आधारे १९४७ मध्ये कर्नाटकातील ब्रह्मगिरीच्या वस्तीचा काळ ठरवता आला. एका फुटक्या तुकड्यावरून दक्षिण भारताचे कालमापन उभे राहिले! हे व्हीलर यांचे सर्वोत्तम काम होय.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९४६ साली व्हीलर यांनी हडप्पा येथे उत्खनन केले. तेथील उंच टेकाडाभोवती कच्च्या विटांची प्रचंड तटबंदी त्यांना आढळली. पायाशी तिची रुंदी सुमारे ४० ते ४५ फूट होती. आधीच्या संशोधकांना ही संस्कृती शांत, व्यापारी लोकांची वाटत असे. व्हीलर यांना किल्ला दिसला. ऋग्वेदात इंद्राला पुरे फोडणारा म्हटले आहे. ती पुरे कोणती, हे कोडे होतेच. रमाप्रसाद चंद यांनी १९२६ सालीच त्यांचा संबंध सिंधुनगरांशी सुचवला होता. आता तट सापडला. शिवाय मोहेंजोदडोच्या आधीच्या उत्खननांत गल्ल्यांतून आणि घरांतून मिळालेले अस्ताव्यस्त सांगाडे होतेच. तट, वेदवचन आणि सांगाडे या तिन्हींची सांगड घालून व्हीलर यांनी १९४७ साली सुचवले, की या नगरांच्या अंतास आर्यांची स्वारी कारण असावी. म्हणजे जणू इंद्रालाच त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्यांनी हा परिस्थितिजन्य पुरावा आहे असे म्हटले होते. परंतु तो सावधपणा पुस्तकांतून पुस्तकांत जाताना गळून पडला.

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ पंडितांचा कधीच नव्हता. १८७३ साली महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त बाहेरून आलेल्या आर्यांनी येथील कष्टकऱ्यांना दास केले असे मांडले. १९०३ साली लोकमान्य टिळकांनी आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाकडे शोधले. आणि हडप्पाची तटबंदी उकरली जात होती त्याच १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शूद्रांच्या उगमावरील आपल्या ग्रंथात आर्यांच्या आक्रमणाचा सिद्धान्त वेदवाङ्मयाच्याच आधारे नाकारला. तिघांनीही एकच प्रश्न हाताळला आणि उत्तरे तीन निघाली. जमीन कोणाची, मान कोणाचा, शिकायचे कोणी, हे प्रश्न त्या उत्तरांना चिकटलेले होते. ज्यांच्या घरात कालपर्यंत पाटी-पेन्सिल नव्हती त्या आम्हा मुलांना म्हणूनच या वादाकडे तटस्थपणे पाहणे सोपे जात नाही.

व्हीलर यांच्या निष्कर्षाचे पुढे काय झाले? १९६४ साली अमेरिकन संशोधक जॉर्ज डेल्स यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. सर्व मिळून सांगाडे होते ३७-३८, आणि तेही एका वेळचे नव्हते, एका थरातलेही नव्हते. जेथे शेवटची झुंज व्हायला हवी त्या बालेकिल्ल्यावर एकही नव्हता. जळिताच्या, हत्यारांच्या खुणा नव्हत्या. पुढे केनेथ केनेडी यांनी हाडे तपासली तेव्हा जखमांच्या खुणा एक-दोघांवरच आढळल्या आणि त्यांतली एक जखम मरणापूर्वी भरूनही आली होती. १९६४ सालीच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डी. पी. अगरवाल यांनी कार्बन-१४ च्या आधारे सिंधुनगरांचा अंत व्हीलर मानत होते त्याहून बराच मागे नेला. आज ही नगरे इ. स. पूर्व १९०० च्या सुमारास ओसरू लागली असे मानतात. हत्याकांड उरले नाही! व्हीलर यांनीही उत्तरायुष्यात ऱ्हासाला पूर, झाडतोड अशी इतर कारणे असल्याचे मान्य केले. मात्र स्वारीची कल्पना त्यांनी पुरती सोडली नाही.

त्यांचा निष्कर्ष ज्या हत्याराने पाडला ते हत्यार त्यांचेच होते. कोणती वस्तू कोणत्या थरातली, हा प्रश्न त्यांनी साऱ्या भारताला विचारायला शिकवले. मोहेंजोदडोचे सांगाडे त्यांनी स्वतः उकरलेले नव्हते. त्यांच्याबाबतीत तोच प्रश्न त्यांनी पुरेशा कसोशीने विचारला नाही. मेडन कॅसलचीही गत तीच झाली. १९८५-८६ मध्ये तेथे पुन्हा उत्खनन झाले आणि कत्तलीविषयी शंका बळावल्या. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनावरून तर ते मृत्यू एका दिवसाचे नसून कित्येक दशकांत विखुरलेले आहेत असे दिसते.

मग खापरावरून माणसांचे मूळ कळतच नाही काय? काही अंशी कळते, पण जपून. आमच्याकडे खेड्यात ॲल्युमिनिअमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. मातीची मडकी गेली, जर्मन आले, मग स्टील आले. हजार वर्षांनी आमच्या गावची पांढर कोणी खणली, तर भांडी बदलली म्हणजे माणसे बदलली असे तो म्हणेल काय? चुलीपुढची बाई तर तीच होती! सांकलियांनाही नर्मदाकाठच्या नावडाटोलीत इराणी धाटणीची तोटीची भांडी मिळाली, तेव्हा हाच पेच पडला. माणसे आली, की नुसती घडण आली? त्यांनी इराणकडच्या, कदाचित आर्यांच्याही, आगमनाची शक्यता मांडली. इतरांनी ती नाकारली.

२०१९ साली राखीगढीच्या एका स्त्रीच्या हाडांतील डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांचा मोठा वाटा होता. गवताळ स्टेपी प्रदेशातील लोकांचा अंश तिच्यात आढळला नाही. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने असा अंश भारतात इ. स. पूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान मिसळला असे दाखवले. दोन्ही निष्कर्ष एकमेकांशी जुळतात. नगरे पाडणारी स्वारी सिद्ध होत नाही, पण माणसे आलीच नाहीत असेही म्हणता येत नाही. ती येत गेली, मिसळत गेली. तरी ज्याला जे हवे होते, त्याने त्यातले तेवढेच उचलले.

फाळणीनंतर व्हीलर यांनी पाकिस्तानच्या पुरातत्त्व खात्याला सल्ला दिला आणि १९५० साली मोहेंजोदडोत खणले. १९५२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. दूरचित्रवाणीवरील प्राचीन वस्तू ओळखण्याच्या कार्यक्रमामुळे इंग्लंडच्या घराघरांत ते माहीत झाले. १९५४ च्या ग्रंथात त्यांनी आपली उत्खननपद्धत सविस्तर मांडली. २२ जुलै १९७६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

व्हीलर यांचे मोठेपण त्यांच्या चुकीने कमी होत नाही. पण चूक ही चूकच, आणि तिची किंमत आपल्या समाजाने अनेक वर्षांच्या व्यर्थ भांडणांत मोजली आहे. चार हजार वर्षांपूर्वी कोण कोठून आले, हे शोधायचेच. ते थरांची नोंद ठेवून आणि उद्या मत बदलण्याची तयारी ठेवून शोधायचे. मात्र आज कोणी विहिरीवर पाणी भरावे, कोणी वर्गात पहिल्या बाकावर बसावे, याचा निकाल मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवर लावायचा नसतो. तो हक्क माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाचा आहे आणि त्यासाठी उत्खननाच्या दाखल्याची गरज नाही.